दोन चौसष्ट

माझ्या आत्याला आयुष्यात एकाच गोष्टीचं दुःख होतं, की तिचं लिहिलेलं कोणी वाचत नाही. आणि एकाच गोष्टीची भीती होती, की कोणीतरी वाचेल.

ती काही कविता-बिविता करत नव्हती. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवर आकडे रंगवायची. एकशे बारा किलोमीटरचा रस्ता, त्याचे सगळे दगड तिचे, गेली एकतीस वर्षं. दर दोन वर्षांनी दगडाला पांढरा हात द्यायचा, डोक्यावर पिवळी टोपी रंगवायची आणि मग मांडी ठोकून, जीभ जराशी बाहेर काढून काळ्या रंगात आकडा. तिचा पाच पोट पुढं काढून उभ्या असलेल्या दुकानदारासारखा दिसायचा. रस्त्यावर सगळे तिला आकडेबाई म्हणायचे.

"एवढं जीव ओतून काढते मी," ती रोज म्हणायची, "आणि हे मेले ऐंशीच्या वेगानं भुर्रकन जातात. एकानं थांबून दगड वाचला तर शपथ!"

मी तिची भाची. वय छत्तीस, स्वतःचा टेम्पो, आणि तोंड असं की घरचे म्हणतात टेम्पोला हॉर्न बसवायची गरजच नव्हती. बारा वर्षं मी त्याच रस्त्यावर माल नेते-आणते. आत्याच्या रंगकामाच्या दिवसांत रस्ते खात्याकडून टेम्पोचं काम मला मिळतं: मागं रंगाचे डबे, पाण्याचं पिंप, शिडी, छत्री, आणि पुढं माझ्या शेजारी आत्या, अर्धं अंग खिडकीबाहेर काढून प्रत्येक दगडाकडं अशी बघत, जशा शाळेच्या फाटकात आया मुलांकडं बघतात.

आकडे रंगवायला लागण्याआधी ती रस्त्याच्या टोळीत होती. डोक्यावर खडीचं घमेलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं कोळशानं नव्या डांबरावर एक ते दहा आकडे काढले, ते मुकादमानं पाहिले आणि ब्रश हातात दिला. टोळीतल्या पुरुषांनी बोंब मारली, बाईला कसला ब्रश! मुकादम म्हणाला, "बघू. एक आकडा चुकला, की परत घमेलं." तो मुकादम केव्हाच निवृत्त झाला, पण ते घमेलं आत्याच्या डोक्यावरून कधी उतरलं नाही. तिच्या सेवापुस्तकात लाल शाईचा एकही शेरा नव्हता. ते कोरं पुस्तक घेऊन घरी जायचं, एवढं एकच तिला हवं होतं.

निवृत्तीला वीस दिवस उरले आणि चाकवाले साहेब आले.

साहेब म्हणजे नुकतेच लागलेले इंजिनिअर. सडपातळ, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत वही, डोक्यावर हनुवटीखाली दोरी बांधलेली टोपी. हसणं हा प्रकार त्यांना कोणी शिकवला नव्हता. पण माणूस वाईट नव्हता, कोणी पाणी दिलं तर ग्लास विसळून परत करायचा. त्यांच्याकडं एक दांडा होता आणि दांड्याच्या टोकाला सायकलसारखं एक चाक. चाक फिरलं की दर मीटरला टक् वाजायचं आणि दांड्यावरच्या डबीतला आकडा एकानं वाढायचा. हुकूम असा, की साहेबांनी शून्यापासून एकशे बारापर्यंत चाक ढकलत चालत जायचं, आणि प्रत्येक दगड बरोबर जागी आहे का, त्यावर बरोबर आकडा आहे का, ते लिहून घ्यायचं. सोबत आकडेबाईंनी जायचं. दगड पुसायला, आणि तपासलेल्या दगडावर लाल ठिपका द्यायला.

हुकूम ऐकून आत्या पांढरी पडली. मला वाटलं, एकशे बारा किलोमीटर चालायच्या कल्पनेनं.

"अगं, तू टेम्पोत बसायचंस, तो चालणार."

"गाडी बाजूला घे," आत्या म्हणाली.

मी घेतली. तिनं काचा वर करायला लावल्या. बाहेर एक म्हैस सोडून कोणी नव्हतं.

"म्हैस ऐकेल," ती म्हणाली.

"म्हैस कोणाला सांगणार? बोल."

"चौसष्ट दोन आहेत."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं, आणि सांगताना ती अठ्ठावन्नची उरली नाही, सत्तावीसची झाली.

रस्ता तेव्हा नवा होता, दगड रोवलेले पण कोरे. आत्या सायकलवर डबे लावून निघायची. तिची एक पद्धत होती. एक आकडा काढून झाला, की तोच आकडा ब्रशच्या टोकानं डाव्या तळहातावर लिहायचा. पुढच्या दगडापाशी हात उघडायचा, त्यात एक मिळवायचा, दगडावर लिहायचा, हात पुसून नवा आकडा टाकायचा. ती म्हणायची, डोक्यावर भरवसा ठेवू नये, डोकं वाऱ्यावर जातं, हात कुठं जातो? त्या दिवशी तिनं चौसष्ट काढला, हातावर चौसष्ट लिहिला, निघाली, आणि सायकल पंक्चर झाली. अर्धा किलोमीटर ढकलत गेल्यावर एक पंक्चरचं दुकान लागलं. दुकान कसलं, चार टायर आणि एक माणूस.

"त्यानं पंक्चर काढलं. चहा दिला. मग म्हणाला, हात किती रंगलेत तुमचे, द्या हात. आणि फडकं रॉकेलमध्ये बुडवून माझे हात पुसले की गं! एकेक बोट. कोणी मागितलं होतं का?"

"आणि तळहात?"

"तळहातसुद्धा!" आत्यानं तोंडावर पदर घेतला. "चौसष्ट गेला. त्याच्याबरोबर माझी अक्कलही गेली. पुढच्या दगडापाशी पोचले, हात उघडला, तर हात स्वच्छ. आता चौसष्ट काढला होता, की काढायचा होता? आठवेना. डोक्यात नुसतं रॉकेल."

"मग मागं जाऊन बघायचंस!"

"मागं जायचं म्हणजे त्याच्या दुकानावरून जायचं. दहा मिनिटांपूर्वी निघालेली बाई परत आली, तर त्याला काय वाटलं असतं? माणसाला काही मानपान असतो की नाही? लिहिला चौसष्ट."

शेवटच्या दगडावर तिला कळलं. यादीत एकशे बारा, दगडावर आला एकशे अकरा. रस्त्याच्या त्या टोकापलीकडं दुसऱ्या कचेरीची हद्द, त्यांचे आकडे पुन्हा शून्यापासून, त्यामुळं तिथं कोणी विचारलं नाही. दुरुस्त करायचं तर अठ्ठेचाळीस दगड खोडायचे आणि मुकादमाला सांगायचं. म्हणजे घमेलं. तिनं ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. नाहीतरी दगड वाचतो कोण?

"पण त्या पंक्चरवाल्याकडं तू परत गेलीसच की!" मी म्हणाले. कारण तो पंक्चरवाला म्हणजे माझे काका, आत्याचा नवरा. आजही त्याच जागी दुकान आहे, टायर मात्र चारशे.

"ते पंक्चर झालं म्हणून."

"दोन दिवसांत पुन्हा पंक्चर?"

आत्यानं म्हशीकडं बघितलं. "खिळा मीच मारला होता," ती म्हणाली.

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून इतकी हसले की हॉर्न वाजला आणि म्हैस पळाली. आत्याही हसली, पण अर्धवट. ते बघून माझं हसू आटलं. मला वाईट वाटलं आणि लाजही वाटली. बारा वर्षं मी त्या रस्त्यावर गाडी चालवते, आणि दोन चौसष्ट मला कधी दिसले नव्हते. म्हणजे आत्याचं दुःख खरं होतं, निदान माझ्यापुरतं.

"काकांना माहीत आहे?"

"ते टायरच्या बाहेर बघतात कधी? कोणालाच माहीत नाही. तू दुसरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाक निघालं. टक्, टक्, टक्. पुढं साहेब, मागं पहिल्या गिअरमध्ये रडत माझा टेम्पो, आणि त्यात आत्या, दर टक्‌ला एक श्वास सोडत. दिवसाला साधारण दहा किलोमीटर. सातव्या दिवशी चौसष्ट. शाळेतल्या गणितासारखं सरळ होतं.

पहिले दोन दिवस सरळच गेले. बाराव्या किलोमीटरला वीटभट्ट्यांवरच्या लोकांनी साहेबांना पाणी दिलं आणि सोडलं. दगड बरोबर, आकडा बरोबर, लाल ठिपका. साहेब म्हणाले, "अक्षर चांगलं आहे, मावशी." एरवी ह्या वाक्यावर आत्यानं आठवडाभर हवेत तरंगायचं. ती म्हणाली, "हं."

सत्ताविसाव्याला सुतारांची वस्ती लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खुर्च्याच खुर्च्या, झाडांनासुद्धा टांगलेल्या. तिथं सुतारांनी साहेबांना अडवलं. चालून पाय दुखले असतील, बसा. साहेब बसले. ही नको, ही बसा, तिचा पाय डुगडुगतो. साहेब उठले, दुसरीवर बसले. अशा एकोणीस खुर्च्या झाल्या. प्रत्येक खुर्चीनंतर सुतार गंभीरपणे विचारायचे, "कशी वाटली?" आणि साहेब तितक्याच गंभीरपणे सांगायचे. अर्धा दिवस गेला. मला वाटलं, खुर्ची खपवायचा धंदा असेल. पण त्यांनी एकही विकायचा प्रयत्न केला नाही.

अडतिसाव्याला ट्रकचा वजनकाटा. तो चालवते ती बाई सगळ्या रस्त्याची वहिनी. आवाज असा की ट्रक आपोआप ब्रेक लावतात. वहिनी कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या मध्ये उभी.

"साहेब, तुमचं चाक खरं कशावरून?"

"प्रमाणपत्र आहे," साहेबांनी वहीतून कागद काढला.

"कागद ट्रकवालेही दाखवतात. चढवा काट्यावर."

"पण काटा वजनाचा आहे. हे लांबी मोजतं."

"माप ते माप. चढवा!"

चाक चढलं. काटा हलेना, कारण तो टनांचा. मग चाकासकट साहेब चढले. मग साहेब, चाक आणि आत्या. मग तुलनेला मी, मग टेम्पो, रिकामा, भरलेला, पिंपातलं पाणी काढून. वहिनी प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायची, कागदावर छापायची, शिक्का मारायची. साहेबांनी सगळ्या पावत्या वहीत नीट लावून ठेवल्या. संध्याकाळ झाली. वहिनी मला चिमटा काढून म्हणाली, "तुला वजन कमी करायला पाहिजे." मी खवळले, आणि ती कशासाठी हे सगळं करते आहे ते विचारायचं राहूनच गेलं.

कळलं ते एक्कावन्नाव्याला. तिथं मधवाला बसतो. रस्त्याकडेला पेट्या, फळकुटावर बाटल्या. त्यानं साहेबांना मध चाखायला दिला. अकरा प्रकारचा. साहेब प्रत्येक चमच्याला डोळे मिटून विचार करायचे आणि फरक सांगायचे. तेवढ्यात मधवाल्याचं कोपर एका बाटलीला लागलं, इतक्या सफाईनं लागलं की मला संशय आला, आणि मध सांडला थेट चाकावर. साहेब तसेच निघाले. पन्नास मीटर गेले आणि चाकाला रस्त्यावरची सगळी वाळलेली पानं चिकटली. साहेबांनी थांबून चाकाकडं पाहिलं.

"पानांमुळं घेर वाढला," ते म्हणाले. "हा किलोमीटर पुन्हा मोजावा लागेल."

ते चाक धुवायला हापशावर गेले. मधवाला माझ्या कानाशी आला.

"पलीकडच्या चौसष्टला पोचायला अजून किती दिवस?"

माझ्या हातातला चमचा पडला. "पलीकडचा चौसष्ट म्हणजे?"

"आता काय सांगायचं! अलीकडचा चौसष्ट आणि पलीकडचा चौसष्ट. तुला माहीत नाही? तू रस्त्यावर गाडी चालवतेस की झोपतेस?"

मग त्यानं भडाभडा सांगितलं. सगळ्यांना माहीत होतं. सुतारांना, वहिनीला, वीटभट्टीवाल्यांना. बसचे कंडक्टर त्या मधल्या किलोमीटरचं तिकीट कधीच घेत नव्हते, त्याला म्हणायचेच फुकटचा किलोमीटर. खड्डे बुजवणारी टोळी आधी आत्या जवळपास नाही ना ते बघायची आणि मग एकमेकांना विचारायची, कुठला चौसष्ट? काकांच्या दुकानाचा पत्ता ट्रकवाले एकमेकांना सांगायचे तोच असा, दोन चौसष्टांच्या मधोमध. आणि साहेब शून्यावरून निघाले त्याच दिवशी बसवाल्यांनी रस्त्याला खबर दिली होती, की चाक निघालंय, आकडेबाईंच्या निवृत्तीपर्यंत लांबवा.

"अरे, मग एकतीस वर्षांत एकानं तिला सांगायचं नाही?"

"माझा बाप पहिल्याच वर्षी सांगायला निघाला होता," मधवाला म्हणाला. "जाऊन बघतो तर बाई पंचाहत्तरच्या दगडापुढं बसलेल्या, जीभ बाहेर, भोवती कोण आलं कोण गेलं पत्ता नाही. बाप परत आला. म्हणाला, एवढ्या प्रेमानं चुकत असेल तर चुकू दे. एका किलोमीटरनं आपलं काय अडलंय?"

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथं सगळं गाव मांजरासाठी डोळे मिटून बसलं होतं. मला आत्याकडं धावत जाऊन सांगावंसं वाटलं, आणि सांगता येईना. सगळ्यांनी इतकी वर्षं सांभाळलेलं मी कोण फोडणारी? मी टेम्पोत येऊन बसले. आत्या म्हणाली, "तोंडाला कुलूप कसं काय आज?" मी म्हटलं, "मध चिकटलाय."

अशा रीतीनं सातव्या दिवशी पोचायचं ते आम्ही नवव्या दिवशी पोचलो. निवृत्तीला अकरा दिवस होते. आत्यानं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, केस चापून बसवले होते, आणि मांडीवर तो जुना ब्रश घेतला होता, मुकादमानं दिलेला, ज्याला आता चारच केस उरले होते.

अलीकडचा चौसष्ट आला. टक्. डबीत बरोबर चौसष्ट हजार.

"चोख," साहेब म्हणाले. आत्यानं लाल ठिपका दिला. त्या ठिपक्याचा स्वल्पविराम झाला.

अर्ध्या किलोमीटरवर काकांचं दुकान. काका रस्त्यात उभे, हातात पंप.

"साहेब, चाकात हवा कमी आहे."

"ह्यात हवा नसतेच. भरीव रबर आहे."

"तेच म्हणतो. अजिबातच नाही."

"पण नसायचीच असते."

"असं सगळेच म्हणतात, आणि पुढं जाऊन अडकतात. अर्धा तास द्या."

साहेबांनी काकांकडं बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "परत येताना देतो," आणि चाक पुढं ढकललं. काकांचा चेहरा पडला. आत्या त्यांच्याकडं बघत होती. तिच्या कपाळाला आठी पडली.

पलीकडच्या चौसष्टाच्या जागी दगड नव्हता. टायरचा ढीग होता. ट्रकचे, बसचे, ट्रॅक्टरचे, माणसापेक्षा उंच. भोवती गर्दी: वहिनी वजनकाटा बंद करून आलेली, चार सुतार आणि सवयीनं आणलेल्या चार खुर्च्या, मधवाला, आणि कधी नव्हे ते ऐंशीच्या दगडावरची चहावाली आजी, जिच्या टपरीवर लाल अक्षरांत पाटी आहे: ऐंशीचा चहा.

टक्. पासष्ट हजार. साहेब थांबले.

"इथं दगड असायला हवा."

"कसला दगड?" वहिनी म्हणाली.

"किलोमीटरचा."

"छे, इथं कधीच नव्हता," मधवाला म्हणाला. त्याच वेळी एक सुतार म्हणाला, "होता, पण गेला," आणि दुसऱ्यानं त्याच्या पायावर पाय दिला.

मी आत्याकडं पाहिलं. गप्प बस, मी मनात म्हणत होते, अकरा दिवस, फक्त अकरा दिवस गप्प बस. आत्या टेम्पोतून उतरली. ढिगापाशी गेली, पदर खोचला आणि वरचा टायर ओढून खाली टाकला. मग दुसरा. कोणी हललं नाही. पाचव्या टायरनंतर साहेब चाक बाजूला ठेवून तिला मदत करायला लागले. हळूहळू पिवळी टोपी दिसली, मग पांढरं अंग, मग काळाभोर, डौलदार चौसष्ट.

"साहेब," आत्या म्हणाली. तिनं पदरानं दगड पुसला. "हा माझा. मागचाही चौसष्ट, हाही चौसष्ट. इथून शेवटपर्यंत सगळे एकानं कमी आहेत. चूक माझी. लाल शाई असेल तर काढा."

मग वहिनीला वाटलं, की आता आपण काहीतरी केलं पाहिजे.

"अगंबाई!" ती दोन्ही गालांवर हात ठेवून किंचाळली. "दोन चौसष्ट?"

"काय सांगता!" मधवाला म्हणाला.

"कोणाला स्वप्नातही वाटलं नसतं!" चारही सुतार एका सुरात म्हणाले.

इतका वाईट अभिनय मी जन्मात पाहिला नव्हता. आत्यानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. ऐंशीवरची आजी आकाशातले पक्षी मोजत होती. काका पंप पुसत होते. आणि नेमकी त्याच वेळी बस येऊन थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"काय गर्दी आहे?"

"बाईंनी कबूल केलं," कोणीतरी म्हणालं.

"काय, दोन चौसष्ट? मग आता मोकळेपणानं बोलायचं का?" ड्रायव्हर म्हणाला. "कंडक्टर, बाईंनी सांगितलं रे!" आणि सगळी बस टाळ्या वाजवायला लागली.

आत्याचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला माहीत होतं?"

सुतार खुर्च्या सरळ करायला लागले.

"कधीपासून?"

"रंग ओला होता तेव्हापासून," काका म्हणाले.

"एकतीस वर्षं!" आत्या गरजली. "एकतीस वर्षं मी रोज मेल्याहून मेल्यासारखी होऊन ह्या दगडावरून गेले, तोंड फिरवून, आणि तुम्ही सगळे... तुम्ही सगळे..."

तिचं वाक्य तिथंच अडकलं. ती दगडाकडं बघत राहिली, मग गर्दीकडं. आवाज एकदम बारीक झाला.

"म्हणजे तुम्ही वाचत होता?"

"वाचल्याशिवाय कळेल कसं?" वहिनी म्हणाली. "अडतिसातला तीन मी रोज काट्यावरून बघते."

"तुमचा अठ्ठ्याऐंशी फार देखणा," बसचा ड्रायव्हर म्हणाला. "तिथं मी गाडी जरा हळू घेतो."

"गेल्या खेपेला शहात्तरातला सहा मात्र घाईत काढलात, बाई," ऐंशीवरची आजी म्हणाली. "शेपूट आखूड झालीय."

"घाईत नाही!" आत्या उसळली. "डोळ्यात माशी गेली होती!" आणि ती सुताराच्या खुर्चीत धपकन बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, रडता रडता पुन्हा हसायला. मीही रडले, सांगायला लाज कसली. बारा वर्षं न वाचल्याबद्दल थोडं जास्तच रडले.

साहेब वही उघडून उभे होते. त्यांनी सगळं शांत व्हायची वाट पाहिली आणि खिशातून लाल पेन काढलं.

"लिहावं तर लागेल," ते म्हणाले.

"लिहा," आत्या म्हणाली. "पण मोठ्यानं वाचा."

त्यांनी लिहिलं, मग वाचलं: "दगड पासष्टवर चौसष्ट. पुढील सर्व दगडांत एकाची चूक. चूक रंगवणाऱ्या बाईंनी स्वतः दाखवली." थोडं थांबून त्यांनी आणखी एक ओळ लिहिली आणि तीही वाचली. "सर्व आकडे लांबून स्पष्ट वाचता येतात." वही बंद करताना त्यांच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. मी स्वतः पाहिलं, वहिनी साक्षीला आहे.

"दुरुस्तीला नवा माणूस येईल, मावशी. तुमचे अकराच दिवस राहिलेत."

"नवा माणूस?" आत्या खुर्चीतून उठली. "माझ्या दगडांना? अकरा दिवस पुष्कळ झाले. डबा काढ गं!"

"मग माझी टपरी एक्क्याऐंशी होणार?" आजी म्हणाली. "पाटीचं काय?"

"तीही रंगवून देते. पण शहात्तरबद्दलचे शब्द मागं घ्या." आजीनं विचार केला आणि घेतले नाहीत.

मी डबा काढला. चौसष्टवर पांढरा हात दिला, वाळेपर्यंत सगळ्यांना चहा झाला, बसही थांबली, एकाही प्रवाशानं कुरकुर केली नाही. मग आत्यानं मांडी ठोकली. एवढी माणसं वाकून बघत असताना तिनं कधी आकडा काढला नव्हता. जीभ बाहेर आली. सहा झाला. मग पाच, पोट पुढं काढून. ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला. आत्यानं मागं सरून दगड बघितला, आणि सवयीनं, ब्रशच्या टोकानं, डाव्या तळहातावर लिहिलं: पासष्ट.

काका कधी दुकानात जाऊन आले कोणाला कळलं नाही. ते तिच्यापुढं उकिडवे बसले. हातात फडकं, फडक्याला रॉकेलचा वास.

"हात किती रंगलेत तुमचे," ते म्हणाले. "द्या हात."

आत्या कानापर्यंत लाल झाली. तिनं मूठ घट्ट मिटली आणि हात पाठीमागं लपवला.

"काही नको," ती म्हणाली. "अजून सत्तेचाळीस दगड राहिलेत."